सर्व्हो मोटारीचें नियमन

वेसाव्याची खाडी ओलांडून मढला जाणाऱ्या तरींत तुम्हांपैकीं कित्येक बसले असतील. नावाडी नाव कशी हांकतो, हें लक्ष देऊन पाहावें. अंधेरीच्या कारखान्यांत संगणकाच्या आज्ञेनें चालणाऱ्या यंत्राची विद्या त्याच्या हातांत दिसून येते.

नाव वाटेपासून जितकी ढळते, तितकें तो सुकाणूं वळवितो. ती वाटेवर येऊं लागतांच सुकाणूं अगोदरच सैल करितो. नाहीं तर ती पलीकडे जाईल. ओहोटीचा ओढा सारखा एकाच बाजूस असला, तर सुकाणूं थोडें त्याविरुद्ध धरूनच ठेवितो. १९२२ सालीं निकोलस मिनोर्स्की यांनीं जहाजांच्या सुकाणूवाल्यांचें निरीक्षण करून हेच तीन नियम गणितांत मांडिले.

सर्व्हो मोटारीस एन्कोडर नांवाचें मापक जोडलेलें असतें. आज्ञा १०० मिलिमीटरची असून सरकता भाग ९८ वर असला, तर चूक २ मिलिमीटर. चुकीच्या प्रमाणांत जोर लावणें हा पहिला नियम. चूक किती वेगानें घटते हें पाहून जोर आवरणें हा दुसरा. भारामुळें उरलेली बारीक चूक सांठवीत जाऊन भरून काढणें हा तिसरा. प्रत्येकाचा अंक यंत्रागणिक निराळा ठरवावा लागतो. अंक फार लहान असल्यास यंत्र रेंगाळतें, फार मोठा असल्यास झोके घेतें. दोन दिशांचे अंक जुळले नाहींत, तर वर्तुळाऐवजीं लंबवर्तुळ कापलें जातें.

१९४२ सालीं झीग्लर व निकोल्स यांनीं अशी रीत सांगितली: दुसरा व तिसरा नियम बंद ठेवून पहिल्याचा अंक हळूहळू वाढवावा. यंत्र सारखे झोके घेऊं लागेल, त्या अंकाचा सुमारें ०.६ भाग कायम करावा. उरलेले दोन अंक झोक्याच्या काळावरून काढावे. परंतु कारखान्यांत जाणता कारागीर यंत्र गुणगुणूं लागतांच मागें येतो. कारण झोके वाढल्यास यंत्राची नासाडी होते व जवळ उभ्या असलेल्या माणसास इजा होऊं शकते. यास्तव प्रथम हत्यार काढून ठेवावें, सरकता भाग मध्यावर आणावा, थांबविण्याच्या बटणाजवळ हात असावा, एका वेळीं एकच अंक बदलावा व तो वहींत टिपावा.

पालकांनींही ध्यानांत घ्यावें कीं, यंत्रावरील हें काम केवळ हाताचें नव्हे. त्यास गणित व धीर हीं दोन्हीं लागतात.