कुरूप समजून सोडू नका

माझे थोरले बंधू मेलॅनोमाने गेले. हा त्वचेचा कॅन्सर. त्यांच्या बाबतीत सुरुवात झाली ती उजव्या टाचेवरच्या काळ्या डागापासून.

दादा शेतकरी. भेगा, काटे, कुरूप ही त्यांच्या लेखी दुखणीच नव्हती. डाग दिसला तेव्हा कोणी म्हणालं, काटा मोडून आत राहिला असेल; कोणी म्हणालं, रक्त साकळलं असेल. गावातल्या एकाने कुरूप म्हणून तासून दिलं आणि वर बिब्बा लावला. बिब्ब्याने आजूबाजूची कातडीही काळी पडली, मूळ डाग कुठवर आहे तेच कळेना. दुखत नव्हतं, म्हणून दादांचं काम थांबलं नाही. पुढे त्यातून पाणी येऊ लागलं. त्यांना मधुमेह होता, त्यामुळे दवाखान्यात ती मधुमेहाची जखम ठरली आणि ड्रेसिंग चालू राहिलं. जांघेत गाठ हाताला लागली, तेव्हा कुठे तुकडा तपासायला गेला. टाचेचा भाग काढून तिथे मांडीची कातडी लावली, जांघेतल्या गाठीही काढल्या. पण तोवर रोग फुप्फुसांपर्यंत पोचला होता.

मेलॅनोमा उन्हाने होतो, तो गोऱ्या लोकांचा आजार, असा समज सुशिक्षितांतही आहे. आपल्याकडे तो कमी आढळतो हे खरं. पण सावळ्या-काळ्या कातडीत तो होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे कातडीच्या गडद रंगाचं संरक्षणही तिथे उपयोगी पडत नाही. तोंडाच्या आतही तो होऊ शकतो.

संशय कधी घ्यावा? डागाची एक बाजू दुसरीसारखी नसेल, कडा वेड्यावाकड्या किंवा पुसट असतील, एकाच डागात तपकिरी, काळा, निळसर अशा छटा असतील, तो ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर दाखवावा. सगळ्यांत महत्त्वाचं, डाग बदलतोय का ते पाहावं. वाढणं, उंचावणं, खाज येणं, रक्त येणं हे सगळे बदलच. लहान आहे पण बदलतोय, तरी थांबू नये. काही मेलॅनोमा काळे नसतातच. गुलाबी गाठ किंवा न भरणारी जखम एवढंच दिसतं. म्हणून मधुमेह असला, तरी तळपायाची जखम नीट उपचार करूनही भरत नसेल, तर तुकडा तपासायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

तळपायाचा प्रत्येक तीळ वाईट नसतो. तळव्याच्या कातडीवर बारीक खोबणी आणि उंचवटे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा खोबणीत उतरलेला असतो; मेलॅनोमात तो उंचवट्यांवर पसरतो. नुसत्या डोळ्यांना हे नीट दिसत नाही. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहतात. या तपासणीत कापाकापी नसते.

नखाचंही तसंच. आपल्या लोकांच्या बऱ्याच नखांवर तपकिरी उभ्या रेघा असतात, त्या सहसा निरुपद्रवी. पण मोठ्या वयात एकाच नखावर, विशेषतः अंगठ्याच्या, नवी रेघ आली, ती रुंदावत गेली किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर लगेच दाखवावं. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. मुळापासून टोकापर्यंतची रेघ तशीच राहिली, तर ते ठेचेचं रक्त समजू नये. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याचा आजार आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. १९७७ मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला.

काय करू नये, तेही सांगतो. संशयित डागावर बिब्बा, चुना-सोडा, कॉर्न कॅप लावू नका. तीळ जाळून घेऊ नका, घोड्याचा केस बांधू नका. डागाचं रूप बिघडतं, निदान लांबतं. पार्लरमध्ये लेसरने तीळ काढला, तर तपासायला तुकडाच उरत नाही. आणि तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. निदानाला तोच आधार आहे. शक्य तिथे पूर्ण डाग थोड्या चांगल्या कातडीसह काढतात, कारण तो किती खोल गेलाय हे मिलिमीटरमध्ये मोजूनच पुढचे उपचार ठरतात. कातडीच्या वरच्या थरातच असलेला मेलॅनोमा बहुतेक वेळा काढून टाकला की बरा होतो. खोली वाढते तसा धोका वाढतो.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर, भरपूर उजेडात तळपाय, टाचा, बोटांच्या बेचक्या आणि सगळी नखं पाहा. नेलपॉलिश, मेंदी असेल तर ती उतरल्यावर पाहा. वाकता येत नसेल तर आरसा घ्या. घरातल्या वयस्कर माणसांचे पाय तुम्ही स्वतः पाहा, ती आपणहून सांगणार नाहीत. संशय आला तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि तो घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही त्वचारोग विभाग असतो. दुखायला लागेपर्यंत वाट पाहू नका. हा रोग सुरुवातीला दुखत नाही, आणि बरा होण्याची सर्वांत चांगली संधीही तेव्हाच असते.