शंका-समाधान : शाळा सोडवून घरी शिकवावे का?

प्रश्न : मुलगा मराठी शाळेत चौथीत आहे. तोंडी हिशेब चटकन करतो, गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगतो. पण वाचताना अडखळतो, लिहिताना अक्षरे गाळतो. त्यात कन्नड आणि इंग्रजीची भर. शाळेतून काढून घरीच शिकवले तर कायद्याची अडचण येईल का? दहावीचे काय?
— एक पालक, भालकी (जि. बीदर)

उत्तर : आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. सीमाभागातले मूल देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकदमच शिकते. कन्नडात जोडाक्षरातले दुसरे व्यंजन बहुधा खाली लिहितात, मराठीत ते बहुतेक वेळा शेजारी जोडतात. त्यामुळे नुसता कन्नडचा सराव कमी असेल, तर मूल कन्नडात अडते पण मराठी धडा सुरळीत वाचते. भरपूर सराव होऊनही घरच्या भाषेतला सोपा मजकूर वाचता येत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. यात अक्षर आणि उच्चार यांची सांगड लवकर बसत नाही. हा आळस नव्हे आणि बुद्धीचा कमीपणाही नव्हे.

मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. मग बीदरच्या ब्रिम्स किंवा कलबुर्गीच्या जिम्स रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची आणि प्रमाणपत्राची चौकशी करा.

प्रमाणपत्राने काय होते? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, इतकेच नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, अशा सोयींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्या ओझ्यामुळे तुम्ही शाळा सोडवायला निघालात, ते शाळेत राहूनही हलके होऊ शकते. तालुक्याच्या गट संसाधन केंद्रात विशेष शिक्षकांबद्दलही विचारा.

आता कायदा. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानतो, मात्र ते न पाळल्यास त्यात पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. 2012 च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय दिला, तो तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना. केवळ वाचनाची अडचण असलेले मूल त्यात सहसा बसत नाही. नाव काढले की ते शाळाबाह्य गणले जाते आणि चौकशी होऊ शकते.

दहावीचा रस्ता मात्र बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावी 14 वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. माध्यमांत मराठी आहे, पाच विषय पुरतात आणि ते पाच वर्षांत सवडीने सोडवता येतात.

पण जागा बदलली आणि पद्धत तीच राहिली, तर घरीही तेच रडू. दहा वेळा उतरवून काढणे बंद करा. रोज थोडा वेळ एकच उच्चार घ्या : तो ऐकायचा, बोलायचा, बोटाने गिरवायचा, मग छोट्या शब्दांत वाचायचा. विज्ञान, परिसर तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे वाचनापायी ज्ञान अडून राहणार नाही. कन्नड आधी बोलण्यातून येऊ द्या. उद्या इथल्याच शाळेत परतायचे झाले तर ती लागेलच.

म्हणून नाव लगेच काढू नका. तपासणी करा, सवलती लेखी मागा, घरी पद्धत बदला. एवढे करूनही मूल शाळेत खचतच राहिले, तर मुक्त विद्यालयाची पूर्ण माहिती हाती घेऊन निर्णय घ्या. तो घाबरून घेतलेला नसेल, आणि मुलाला त्याचाच आधार वाटेल.