आधी वंशावळ, मग रक्त

चि. अनघा,

जनुकीय समुपदेशक म्हणून तू कॅन्सर रुग्णालयात रुजू होते आहेस. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बायकांसाठी जनुकांची चाचणी म्हणजे चोचले, असे तुला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ऐकवेल. त्यात तथ्य आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत आनुवंशिक दोष असतो तो साधारण पाच-दहा जणींत. सरसकट रक्त तपासत सुटणे म्हणजे गरिबाच्या खिशाला चाट. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून वीस वर्षे केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित सेविकांनी नुसत्या हाताने स्तन तपासले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मग पैसा तिकडेच का घालू नये? जरूर घालावा. पण पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही, आणि आनुवंशिक कॅन्सर गाठतो तो बहुधा याच वयात. बीआरसीए-१ या जनुकात घातक बदल असलेल्या बाईला ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता पाश्चात्य कुटुंबांच्या अभ्यासात सुमारे ७२ टक्के आढळली, बीजांडकोशाच्या कॅन्सरची ४४ टक्के. म्हणून साधने तुटपुंजी असतात तिथेच नेम धरावा लागतो. आजारी बाईत नेमका बदल सापडला, की तिच्या बहीणभावांची आणि सज्ञान मुलांची तपासणी तेवढ्या एकाच बदलासाठी, कमी खर्चात होते.

हा नेम कागद-पेन्सिलीने धरायचा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल त्याला काळे करायचे. अशा तीन पिढ्या मांड. ‘घरात कोणाला कॅन्सर होता का?’ असे विचारलेस तर ‘नाही’ म्हणतील, कारण आजीच्या दुखण्याला कोणी नावच दिलेले नसते. ‘कोणाच्या छातीत गाठ होऊन चिघळली होती का? पोटात पाणी होऊन कोणी गेली का? तेव्हा तिची मुले केवढी होती?’ असे विचार. बीजांडकोशाचा कॅन्सर पुष्कळदा पोटातल्या पाण्यानेच उघडा पडतो, आणि मुलांच्या वयावरून तिचे वय काढता येते. आजी-मावशीवर थांबू नकोस. दोष बापाकडूनही तितकाच येतो. आत्या आणि चुलत बहिणी सुटल्या तर अर्धे घर सुटले. बाईसोबत बहुधा नवरा नाहीतर दीर येतो, त्याला तिच्या माहेरची दुखणी ठाऊक नसतात. तिला विचारून माहेरी फोन लाव.

दुसरा आक्षेप अवघड आहे: अहवालाने बाईला बोल लागेल, मुलींची लग्ने अडतील. ही भीती खोटी म्हणू नकोस. न समजावता हाती दिलेला अहवाल ते सगळे घडवू शकतो. म्हणून तिला सांग, की करणी, शाप, पूर्वजन्मीचे पाप यांच्याशी याचा संबंध नाही. प्रत्येक अपत्याकडे दोष जाण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकीसारखी, मग तो मुलगा असो की मुलगी. अहवाल तिचा आहे. तिच्या होकाराशिवाय तो दाराबाहेर थांबलेल्या नवऱ्यालाही सांगायचा नाही. मात्र गप्प राहण्याची किंमतही तिच्यापुढे ठेव: धाकट्या बहिणीला वेळेत कळणार नाही.

आणि पुढची वाट रक्त काढण्याआधी दाखव. जगातल्या जनुकसंग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती फार, आपली थोडी. त्यामुळे आपल्या बायकांच्या अहवालावर ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा अधिक पडतो. त्या शेऱ्यावर कोणाचे स्तन काढायचे नसतात. दोष नक्की ठरला, तर दरवर्षीचा एमआरआय तिला झेपेल का, हे तिच्या एसटीच्या भाड्यासकट मोज. दोष बीआरसीए-१ मधला असेल आणि मुले झालेली असतील, तर ३५ ते ४० च्या दरम्यान बीजांडकोश व बीजनलिका काढण्याचा सल्ला देतात; एकदाच करायची ही शस्त्रक्रिया अनेकींना वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांपेक्षा आवाक्यातली वाटेल. निर्णय मात्र तिचा.

पेन्सिलीसोबत खोडरबर ठेव. पहिल्या भेटीत बाई थोडेच सांगते. दुसऱ्या भेटीत आत्या आठवते.

तुझी,
मावशी