छाटलेली ध्वनिशिखरे

आमच्या पेडणे तालुक्यातील पार्से गावी भजन वा आरती रंगात आली म्हणजे हल्ली कोणी ना कोणी मोबाईलवर तिचे ध्वनिमुद्रण करतोच. पुढे ते ऐकावे, तर कित्येकदा बुवांचा तार षड्ज फाटलेला आणि झांजांचा नाद खरखरीत वाटतो. हा दोष गळ्याचा नव्हे, मुद्रणाचा होय. यास ‘क्लिपिंग’ म्हणतात. आपण त्यास ‘शिखरच्छेद’ म्हणू.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील लहरी. अंकीय मुद्रणात या लहरींची उंची ठराविक कालांतराने मोजून आकड्यांत लिहिली जाते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास अशी ४४,१०० मापे असतात आणि प्रत्येक माप उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या दरम्यानच असते. लहर याहून उंच गेली, तरी यंत्रापाशी मोठा आकडा नसल्याने ते कमाल आकडाच पुनःपुन्हा लिहिते. परिणामी गोल शिखराचे पठार होते. त्याच्या तीक्ष्ण कडांमुळे मूळ गाण्यात नसलेले उपस्वर निर्माण होतात; तीच ती खरखर.

हा दोष ओळखावा कसा? कानाला संशय येताच संगणकावर लहरीचे चित्र मोठे करून पाहावे. सोयीसाठी कमाल मर्यादा १०० मानू आणि पुढील मापे तपासू: २१, ६०, ९२, १००, १००, १००, ९२, ६०, २१. येथे चढ आधी ३९, मग ३२, नंतर एकदम ८ आणि पुढे शून्य! निसर्गातील लहर अशी अकस्मात थबकत नाही. मात्र मुद्रणाचा आवाज कोणी मागाहून कमी केला असेल, तर हेच पठार मर्यादेच्या खाली सापडते, हे ध्यानी ठेवावे.

दुरुस्तीपूर्वी मूळ प्रत जपून ठेवावी व दुसऱ्या प्रतीवर काम करावे. प्रथम तिचा आवाज ६ डेसिबलने, म्हणजे सुमारे निम्म्याने, उतरवावा. म्हणजे नव्या शिखरास जागा होते. नंतर पठारावरील आकडे बाद करून दोन्ही बाजूंच्या निकोप आकड्यांवरून वक्ररेषा पुरी करावी. वरील उदाहरणात चढ क्रमाने ३९, ३२, २१, ७ असा घटत गेला, तर तीन शंभरांच्या जागी ११३, १२०, ११३ येतात. ‘ऑडॅसिटी’ या मोफत संगणकप्रणालीत यासाठी ‘क्लिप फिक्स’ ही सोय आहे.

परंतु हा अखेर तर्कच होय. दोनचार आकडे गेले असता तो बहुधा साधतो. पठार जसजसे लांबते, तसतसा तो फसतो. यास्तव खरा उपाय मुद्रणापूर्वीचा. फोन झांजांपासून व कर्ण्यापासून दूर ठेवावा. मुद्रणयंत्राची पातळी कमीजास्त करता येत असेल, तर सर्वांत मोठा गजर आधी करवून घेऊन त्याचे शिखर मर्यादेच्या १२ डेसिबल खाली, म्हणजे सुमारे पाव उंचीवर, राखावे. हळू आलेला आवाज मागाहून वाढविता येतो. छाटलेला सूर मात्र जसाच्या तसा परत मिळत नाही. गावातील वृद्ध भजनी बुवांचा आवाज पुढील पिढीसाठी साठविताना ही दक्षता आपण विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावी.