कॉलमच्या आरपार

चि. सायली,

स्ट्रक्चरल ऑडिटच्या कामाला लागलीस, आता काँक्रीटमधून ध्वनिलहर पाठवणारं यूपीव्हीचं यंत्र रोज हाताळशील. म्हणून आधीच सांगतो: नुसत्या वेगावरून काँक्रीटची ताकद अहवालात लिहू नकोस. यंत्र मोजतं फक्त वेळ, तीही मायक्रोसेकंदांत. अंतर आपण घालतो. ड्रॉइंगवर कॉलम 230 मिलिमीटरचा आहे म्हणून तोच आकडा घातलास आणि वेळ 62 आली, तर वेग सेकंदाला 3.7 किलोमीटर निघतो. 2018 पर्यंत लागू असलेल्या 1992च्या आयएस 13311च्या तक्त्यात तो 'चांगला' ठरायचा. प्लास्टर काढल्यावर कॉलम 215च भरला, तर वेग साडेतीनच्या खाली येतो आणि तेच काँक्रीट त्या तक्त्यात 'मध्यम' ठरायचं. टेप लावायचा कंटाळा, दुसरं काय! शिवाय अंतर अचूक असलं तरी वेग सांगतो तो मुख्यतः कडकपणा आणि घनता. काळ्या दगडाची खडी लहरीला पळवते, वाटेला समांतर सळी असली तर आणखी. कोरड्या भेगेला वळसा घालणारी लहर पावसाळ्यात पाणी भरल्यावर सरळ पार होते आणि आजारी बीम धडधाकट दिसतो.

मग यंत्र हवंच कशाला, असं तू म्हणशील. तुलनेसाठी. एकाच कॉलमवर चौकटी आखून घेतलेल्या रीडिंगमध्ये वर 4.1, 4.0, 4.2 आणि तळाशी 2.9 आलं, तर ताकदीचा आकडा नसतानाही संशय पक्का होतो: तिथे बहुधा हनीकोंब, म्हणजे आतून पोकळ राहिलेलं काँक्रीट, आहे. कोअर, म्हणजे कापून काढलेला काँक्रीटचा नमुना, तिथूनच काढायचा. सोसायटीच्या कमिटीला मात्र ताकदीचा न्यूटनमधलाच आकडा हवा असतो, आणि कोअरने घर पोखरलं जातं, खर्च वाढतो, ही तक्रार खोटी नाही. पण त्याच इमारतीतले थोडे कोअर दाबून फोडले आणि त्यांचा वेगाशी मेळ घातला, तर त्या काँक्रीटपुरता अंदाज बांधता येतो. मानकालाही ते मान्य आहे. पुस्तकातला दुसऱ्याच मिश्रणाचा आलेख इथे चालत नाही. आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत वेग उत्तम असूनही सळी गंजत असू शकते. त्यासाठी हाफ-सेल आणि फिनॉल्फ्थॅलीन या चाचण्या वेगळ्या कराव्याच लागतात.

रीडिंग घेताना यंत्राच्या प्रोबला ग्रीस पातळ पण सगळीकडे लाव. प्रोबखाली हवा राहिली तर चांगला कॉलमही नापास होईल. रीडिंगच्या वहीत काँक्रीट ओलं होतं की कोरडं, तेही टिपून ठेव.

तुझा काका