धूम्रपान आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

आरोग्याच्या पाठात तंबाखूचा विषय निघाला म्हणजे बहुतेक शाळांतून फळ्यावर फुप्फुसाचे चित्र काढले जाते. ते योग्यच आहे. परंतु धूर छातीत जातो म्हणून त्याचा अपायही छातीपुरताच, अशी समजूत त्यामुळे मुलांच्या मनात घर करते. ती खरी नाही. मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाशीही धूम्रपानाचा संबंध आहे. कर्करोगाने जगात जे मृत्यू होतात त्यांत फुप्फुसाच्या खालोखाल याच रोगाचा क्रम लागतो. २०२२ साली त्याने सुमारे ९ लक्ष माणसे दगावली. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो, एवढे येथे नमूद केले पाहिजे.

धूर आतड्यापर्यंत पोचतो कसा, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारीलच. धुरातील विषारी द्रव्ये फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि रक्त शरीराच्या कानाकोपऱ्यात फिरते; काही अंश लाळेबरोबर पोटातही जातो. आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी दर चारसहा दिवसांनी नव्याने घडत असतात. जेथे घडण इतकी सतत चालते तेथे बिघाडालाही वाव अधिक. अशा बिघाडातून अस्तरावर लहानशी गाठ उठते. सर्वच गाठी घातक नसतात. परंतु जी पुढे घातक ठरते तिला कर्करोगाचे रूप येण्यास बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

या दीर्घ कालावधीमुळेच हा संबंध फार उशिरा ओळखला गेला. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संशोधकांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० सालीच दाखवून दिला होता. आतड्याच्या बाबतीत मात्र शंका राहिली. धूम्रपान करणारी माणसे पुष्कळदा मद्यही घेतात, भाजीपाला कमी खातात, व्यायामही कमी करतात. मग दोष नेमका कशाचा? अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८२ साली सुमारे १२ लक्ष स्त्रीपुरुषांची नोंद करून एक पाहणी सुरू केली. तिच्यातील मृत्यूंचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा आहार, मद्य, व्यायाम आदी गोष्टींचा हिशेब वजा करूनही धूम्रपानाचा दोष शिल्लक उरला, आणि वीस किंवा अधिक वर्षे धूम्रपान केलेल्यांत तो स्पष्ट दिसला. फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली व अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने २०१४ साली या निष्कर्षावर शिक्कामोर्तब केले.

आता आकड्यांविषयी. २००८ साली अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, धूम्रपान केलेल्यांत या रोगाने येणारा मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आहे. शेकडेवारी शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडेल, पण ते जपून मांडावे. शंभर विडी ओढणाऱ्यांपैकी पंचवीसजण या रोगाने मरतात, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. धूम्रपान न करणाऱ्यांच्या एका मोठ्या समूहात या रोगाने १०० मृत्यू झाले, तर तेवढ्याच व त्याच वयाच्या धूम्रपान केलेल्यांच्या समूहात ते १२५ होतील, असा त्याचा अर्थ. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका याहून कित्येक पटींनी मोठा असतो. भीती घालण्यासाठी आकडा फुगविला, तर घरी विडी ओढणारे धडधाकट आजोबा पाहून मूल शिक्षकाचे बाकीचे बोलणेही खोटे मानू लागते.

त्याच २००८ च्या अभ्यासात धोक्याची वाढ सुमारे तीस वर्षांच्या धूम्रपानानंतर ठळक झाली होती. पंधराव्या वर्षी पहिली विडी ओढणारा मुलगा पंचेचाळिशीत या टप्प्यावर येतो. त्या वयात त्याच्या डोक्यावर घर, शेती व मुलांची लग्ने यांचा भार असतो. हा हिशेब सातवीच्या मुलांना फळ्यावर करावयास द्यावा. उलटपक्षी, सोडल्यानंतर जसजशी वर्षे लोटतात तसतसा धोका उतरत जातो. हेही त्याच तासाला सांगावे, कारण मुले ते घरी जाऊन वडिलांना सांगतात.

२००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूचे पदार्थ विकण्यास, तसेच शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ते विकण्यास बंदी आहे. गुरुजींसाठी टपरीवरून विडीचा कट्टा आणावयास मुलास धाडणे, हा प्रकार काही गावांतून अजून दिसतो. अशा शाळेत वरील पाठ न घेतलेलाच बरा.

पालकसभेत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. शौचावाटे रक्त पडू लागले की खेड्यात ती मूळव्याध समजून महिनोन्महिने झाडपाल्याचे औषध चालते. बहुतेकांस ती मूळव्याधच असते. परंतु रक्त वारंवार पडत असेल, शौचाची नेहमीची सवय काही आठवडे बदललेली असेल, कारणावाचून वजन घटत असेल किंवा अंगात रक्त कमी झाले असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावे. तेथून मोठ्या रुग्णालयात पाठविल्यास दुर्बिणीने आतडे आतून पाहता येते, आणि गाठ लहान असताना सापडली तर बहुधा त्याच वेळी, पोट न फाडता, ती काढूनही टाकता येते.