दादा घरी येतोय, तेव्हा...

पोरी, दादाला, म्हणजे तुझ्या बापाला, उद्या-परवा डिस्चार्ज मिळेल असं तू फोनवर म्हणालीस आणि लगेच ‘सुटलो एकदाचे’ असंही म्हणालीस. मी काही बोलले नाही, कारण कितीतरी दिवसांनी तुझ्या आवाजात हसू होतं. पण पॅरालिसिसचं माणूस घरी येतं, तेव्हा निम्मा दवाखाना त्याच्याबरोबर घरी येतो. आजाराकडे डॉक्टर बघतीलच. घर मेटाकुटीला येतं ते हरवलेल्या कागदांनी, अर्धवट झोपेनं आणि ‘तूच का नाही आणलंस’नं. तेवढ्यापुरतं हे लिहिलंय. फ्रिजवर चिकटव, फोटो काढून फोनमध्ये पुरू नकोस.

१. डिस्चार्जच्या दिवशी एकानं बिलाच्या रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्यानं सिस्टरसमोर बसून प्रत्येक गोळीचं नाव, वेळ आणि ती कशासाठी हे विचारून लिहून घ्यायचं – घरातली बीपीची जुनी गोळी आणि दवाखान्यातली नवी, नावं वेगळी असली तरी औषध एकच असू शकतं, आणि मग दोन्ही पोटात जातात.

२. फाईल एकच, आणि तिची जागाही एकच. डिस्चार्ज कार्ड सगळ्यात वर, रिपोर्ट तारखेनं, सीटीच्या फिल्म न दुमडता मोठ्या पिशवीत. विम्याला मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढ – ते एकदा गेले की लवकर तोंड दाखवत नाहीत. कागद सापडला की अर्धं दुखणं आटोपलं.

३. पट्टीतली गोळी काढताना एक्स्पायरी छापलेला कोपरा शेवटी फोड – नाहीतर महिन्यानं डब्यात चार बेवारशी गोळ्या उरतात, ना नाव ना तारीख.

४. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही – नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच. तुझा बाप लहानपणी कडू औषध खिडकीतून बाहेर टाकायचा. गोळी गिळली की ‘आ’ करायला लाव, लाजू नकोस.

५. आता भरवण्याचं. हे नीट वाच, कारण वहिनीचा, तुझ्या आईचा, हात मायेचा आहे पण घाईचा आहे. पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चहाच्या चमच्यानं एक घास, तो गिळला की मगच दुसरा – या आजारात घसा कमजोर होतो, अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. पातळ पाण्यापेक्षा दाट पेज बऱ्याचदा सोपी जाते, पण तुमच्या पेशंटला काय चालेल ते डॉक्टरांनाच विचार. खाताना ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घुरघुरता झाला की तिथेच थांबायचं. जेवण झाल्यावर बोटाला ओला कपडा गुंडाळून लुळ्या बाजूच्या गालात फिरव. भाताची शितं तिथं दडून बसतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. मग अर्धा तास बसूनच राहू दे, लगेच आडवं करू नको.

६. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, आणि अंग पुसताना माकडहाड, कंबरेच्या बाजू, टाचा बघायच्या. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर तिथं चोळू नको, डॉक्टरांना दाखव – पाठीची जखम चार दिवसांत होते, भरायला महिने घेते.

७. उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही – त्या खांद्याला आवरणारे स्नायूच ढिले पडलेले असतात, खांदा निखळतो.

८. व्यायाम शिकवणारे येतील ते तासभर. बाकीचे तेवीस तास तुमचे. सदऱ्याचं बटण त्याला स्वतःला लावू दे, दहा मिनिटं लागली तरी – पहिल्या काही महिन्यांतच जास्तीत जास्त सुधारणा होते, आणि ती वेळ तुमच्या मदतीनं वाया जाते. जास्त माया, पांगळी काया.

९. पॅरालिसिसचा झटका पुन्हा येऊ शकतो, म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहून ठेव: तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं. यातलं एक जरी दिसलं तरी आधी घड्याळ बघ, मग १०८ लाव – गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि माणूस शेवटचा धड कधी होता हेच डॉक्टर पहिलं विचारतात. तोंडात पाणी नाही, गोळी नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी केल्याशिवाय कळत नाही. रात्री-अपरात्री सीटी होणारा जवळचा दवाखाना कोणता, ते आजच विचारून ठेव.

१०. पैशाचं बोलायला संकोच वाटतो, ठाऊक आहे. पण दादानं सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा आधारकार्ड घेऊन त्याचं आयुष्मान कार्ड काढून ठेव. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, उत्पन्नाची अट नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड लागतं, आणि योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. ॲडमिट होतानाच त्याला गाठायचं – बिल भरून झाल्यावर गाठलं तर तो फक्त हळहळतो. धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीच्या असतात, हे शेजारच्या काकूंनाही सांग. त्यांना जास्त गरज आहे.

११. बँकेत सही जुळणार नाही, हे पेन्शन अडकल्यावर कळण्याआधी मॅनेजरला जाऊन सांग. आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा अधिकारी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला हल्ली मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो – जिन्यावरून त्याला खुर्चीत बसवून उतरवायचं नाही.

१२. भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळची एकच वेळ सांग. पाहुण्याचा चहा आणि पेशंटची झोप एका चुलीवर शिजत नाही. कबुतराचं रक्त चोळा म्हणणारा कुणीतरी येईलच. वाद घालू नको, ‘डॉक्टरांना विचारते’ म्हण आणि चिवडा पुढे कर – तोंड भरलं की उपाय थांबतात.

१३. बंगळुरात बसून तुझा भाऊ रोज सल्ले देतो म्हणून चिडतेस ना? त्याला विम्याचं काम दे, लाईट बिल, गॅसचं बुकिंग, औषधांची ऑर्डर दे – हात गुंतला की जीभ गप्प बसते. आणि खरं सांगू, लांब असलेल्यालाही आपण काही करतोय असं वाटायला हवं.

१४. दादा मध्येच रडेल, किंवा भलत्याच वेळी हसेल. ‘असं काय करता बाबा’ म्हणायचं नाही – मेंदूच्या दुखापतीनं ते होतं, त्याच्या हातात नसतं. थोडा वेळ दुसरा विषय काढ, क्रिकेटचा काढ. पण जेवण तोडलं, बोलणं तोडलं, दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड, असं झालं तर डॉक्टरांना सांग. या आजारानंतर खिन्नता पुष्कळांना येते आणि तिच्यावर औषध आहे. तुला स्वतःलाच कोंडल्यासारखं झालं तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस म्हणतात त्याला. दिवसरात्र चालू असतं, मराठीतही बोलतात.

१५. वहिनीच्या मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. ती ‘माझं काय, होईल नंतर’ म्हणेल – अंधुक दिसणाऱ्या बाईनंच उद्या गोळ्या मोजून द्यायच्या आहेत.

१६. रात्रीच्या पाळ्या भिंतीवर लिहून लावा. तोंडी ठरवलं की प्रत्येकाला कालची रात्र आपणच काढली असं वाटतं, आणि भांडण पहाटे साडेतीनला होतं.

१७. रविवारी सकाळच्या एसटीनं मी येतेय. स्टँडवर न्यायला येऊ नकोस, तेवढा वेळ झोप. दुपारी दादाजवळ मी बसेन आणि तू घराबाहेर जायचंस. कुठे जाऊ म्हणून विचारत बसलीस तर केस कापून ये, गरज आहे. येताना औषध आणायचं नाही, भाजी आणायची नाही, मोबाईलवर ‘बाबा कसे आहेत’ विचारायचं नाही. मेथीच्या दोन जुड्या मी आणतेय, त्या वहिनीबरोबर निवडायला बसेन. तिलाही माझ्याकडे तुझ्याबद्दल काही तक्रारी करायच्या असतील.